कथेला किती, चित्रांना किती? सुपरहिरो अंकांचा गुणतक्ता आठ महिने वापरून

सुपरहिरो कॉमिक्सचा सुटा अंक हाती आला की त्याची कथा कशी आणि चित्रं कशी, हे ठरवायला जळगाव-भुसावळकडच्या आमच्या वाचनगटात एक तक्ता वापरला जातो. सुरुवातीला तो असा होता: ए-फोर कागदाची एक घडी, डावीकडे कथेला १० गुण, उजवीकडे चित्रांना १० गुण, खाली दोन ओळींचा शेरा. आठ महिने तो सतत वापरात आहे, महिन्याला दहा-बारा अंक त्यातून जातात. आज तो कामाचा आहे. मूळ रूपात मात्र नव्हता. दोन रकान्यांची ती आखणीच चुकलेली होती, आणि ती का चुकली हे समजायला तीन महिने गेले.

अडचण अशी. मारामारीचं पान आहे आणि कोण कोणाला कुठून मारतंय ते कळत नाही. गुण कुठले कापायचे? एक जण कथेचे कापतो, दुसरा चित्रांचे, तिसरा दोन्हीकडचे. एकाच अंकाला तिघांचे आकडे जुळत नाहीत आणि वाद आवडीनिवडीवर जातो. खरं म्हणजे कॉमिक्समध्ये कथा सांगण्याचं निम्म्याहून जास्त काम चित्रच करतं. 'कथा छान, चित्रं सुमार' असा शेरा बहुतेक वेळा चुकीचा निघतो. कल्पना छान असते, पण ती पानावर उतरलेली नसते.

श्रेयाच्या ओळीनेही हा घोळ वाढतो. अमेरिकी मासिक अंकात लेखक, पेन्सिलकार (कच्चं रेखाटन करणारा), शाईकार (त्यावर शाईची रेघ ओढणारा), रंगकार, अक्षरकार असे पाच जण सहज असतात. काही ठिकाणी लेखक चौकटीगणिक पूर्ण संहिता लिहून देतो. साठच्या दशकात मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत बहुतेकदा उलटं चालायचं: आधी ढोबळ कथानक, मग चित्रकार पानं रचायचा, संवाद शेवटी. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा फेब्रुवारी १९६६ चा ३३ वा अंक घ्या. अवजड यंत्राखाली अडकलेला नायक ते उचलतो, ते दृश्य. त्याचं कथानक रचण्याचं श्रेयही चित्रकार स्टीव्ह डिटकोलाच आहे. चौकटी आकाराने वाढत जातात आणि यंत्र उचललं जातं तेव्हा आकृती पान व्यापते. तिथे वाढत्या चौकटी हीच कथा आहे. ती कुठल्या रकान्यात मांडणार?

म्हणून आता गुण देण्याआधी अंक दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने पाहायचा आणि मग एकदा नीट वाचायचा.

पहिली फेरी फक्त चित्रांची. संवादाचे फुगे वाचायचेच नाहीत. हल्लीच्या अंकात कथेची साधारण २० पानं असतात, जुन्यांत २२ सापडतात. चार-पाच मिनिटांत ती उलटून होतात. मग अंक मिटायचा आणि समोरच्याने अहिराणीत एकच प्रश्न विचारायचा: 'काय व्हयनं?' (काय झालं?) सांगणारा जिथे अडखळतो ते पान पेन्सिलीने टिपायचं. २० पानांत एक-दोन ठिकाणी अडलं तर चालतं, कारण संवादावर चालणारी दोन पानं कुठल्याही कथेत असणारच. पाचाच्या वर गेलं तर चित्रं कितीही देखणी असोत, 'चित्रांतून सांगणं' या रकान्याचे गुण निम्म्याखाली. तक्त्यातली सगळ्यात उपयोगी पायरी हीच ठरली. दुसरं काही घेऊ नका, एवढी तरी घ्या.

अडखळण्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं, जागा दाखवलेली नसते. प्रसंग बदलल्यावर एका तरी चौकटीत दार कुठे, खिडकी कुठे, माणसं कुठे हे दिसायला हवं. ते नसलं की पुढच्या सहा चौकटी रंगीत धुरात घडतात. (पार्श्वभूमी सलग चार चौकटींत गायब असेल तर चित्रकाराची मुदत संपत आली होती असं खुशाल समजा. ती पोकळी रंगकार छटा ओतून भरतो.) दुसरं, बाजू बदलतात. नायक डावीकडे, खलनायक उजवीकडे असं चाललेलं असताना मध्येच दोघांची अदलाबदल झाली की ठोसा कोणाचा हे कळत नाही. तिसरं, चेहरे. मुखवटा काढल्यावर माणूस ओळखू येतो का? केसांचा रंग सोडला तर दोन स्त्रियांचे चेहरे वेगळे आहेत का? डोळे किलकिले करून पान हातभर लांब धरा. नुसत्या काळ्या आकृतीवरून माणूस आणि त्याची कृती ओळखू आली तर रेखाटन पक्कं. फोटोवरून गिरवलेल्या आकृत्या इथे पकडल्या जातात: दात-ओठ हुबेहूब, पण धावणारा माणूस खांबासारखा ताठ.

दुसरी फेरी फक्त शब्दांची. जुना ढोबळ हिशेब उपयोगी आहे: एका फुग्यात २५ शब्द, एका चौकटीत ३५, सहा चौकटींच्या पानावर २१०. याच्या वर गेलं म्हणजे वाईटच असं नाही, पण तिथे थांबून पाहायचं की शब्द नवं काही सांगतायत की चित्राचंच वर्णन करतायत. नायक भिंत फोडतोय आणि फुग्यात 'मी ही भिंत फोडतो' असं असेल, तर ती ओळ लेखकाची की संपादकाची यात न पडता गुण कापायचा. याच्या उलट टोकाला 'ऑल-स्टार सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाचं पहिलं पान: चार चौकटी, आठ इंग्रजी शब्द, आणि सुपरमॅनचा सगळा जन्मवृत्तांत संपलेला.

मग तिसरं, एकत्र वाचन. शब्द आणि चित्र एकमेकांना धरून आहेत का, हे इथेच कळतं. यासाठी नव्या माणसाला नेहमी एकच पान दाखवतो. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' अंक १२१, जून १९७३. लेखक जेरी कॉनवे, पेन्सिल गिल केनची. नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते, जाळं सुटतं, तिच्या पायाला धरतं. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिला आहे, चार इंग्रजी अक्षरांचा, 'कट्' म्हणावा असा. तो झाकून पान पाहिलं तर जाळ्याने तिला वेळेत पकडलं असं दिसतं. उघडून पाहिलं तर वाचवणाऱ्यानेच मारलं की काय अशी शंका येते, आणि पुढे खलनायक ग्रीन गॉब्लिन पडण्यानेच जीव जातो म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसत नाही. एवढ्या छोट्या अक्षरांनी अख्ख्या मालिकेचा अपराधभाव बदलला. हा गुण कथेचा, चित्राचा की अक्षरांचा? आमच्या तक्त्यात आता त्याला 'जोड' असा स्वतंत्र रकाना आहे. त्याच प्रसंगात एक चूकही आहे: मजकूर पुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज सांगतो, चित्रातले दगडी मनोरे ब्रुकलिन ब्रिजचे वाटतात. 'जोड' रकान्यात ही चूकही मांडायची. प्रसंग थोर आहे म्हणून ती माफ करायची नाही.

मराठी-हिंदी अंकांना हा तक्ता सरळ लावला तर अन्याय होतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि त्यातला वेताळ (इंग्रजीतला फॅन्टम) मराठीतही आला. फुगे मुळात इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाचे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणजे दोन ओळींत जास्त जागा हवी. फुगा तेवढाच राहिला की अक्षर बारीक होतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या रेफात घुसतो, किंवा वाक्य छाटलं जातं. म्हणून अनुवादित अंकात अक्षरांचे गुण वेगळे आणि संवादांच्या तुटकपणाचा दोष मूळ लेखकावर घालायचा नाही. राज कॉमिक्सचं तसं नाही, ते मुळातच हिंदीत रचलेलं. सुपर कमांडो ध्रुव लिहिणारे आणि काढणारे अनुपम सिन्हा एकच असल्यामुळे तिथे चित्र एक सांगतंय आणि मजकूर दुसरं, असं फारसं होत नाही. मजकूर भरपूर असतो, तरी चित्राला जागा किती सोडायची हे त्या हाताला ठाऊक असतं.

रंगांच्या बाबतीत तक्ता सुरुवातीला सपशेल फसला. जुन्या अमेरिकी अंकांत पिवळा, निळा आणि किरमिजी यांची प्रत्येकी २५, ५० आणि १०० टक्के अशी ठिपक्यांची जाडी वापरत. कोरा कागद धरून ६४ रंग होतात. ते रंग शाई पिणाऱ्या मळकट न्यूजप्रिंटसाठी निवडलेले. तेच रंग आजच्या गुळगुळीत पांढऱ्या कागदावर पुनर्मुद्रणात डोळ्यांत खुपतात, आणि वाचणारा म्हणतो रंगकाराला अक्कल नव्हती. पुनर्मुद्रण असेल तर रंगांचा रकाना कोरा ठेवा, किंवा कागदाचा उल्लेख करूनच भरा. उजेडाचंही पाहा. पिवळट दिव्याखाली निळे रंग काळपट दिसतात आणि रात्रीची दृश्यं चिखलासारखी होतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी बाहेर बसवत नाही, तेव्हा सकाळी ओसरीवर, उन्हाच्या तिरपेला न बसता पाहिलेलं उत्तम. भर उन्हात गुळगुळीत कागद नुसता चमकतो.

मोबाइलवर वाचलेल्या अंकाला चित्रांचे गुण द्यायचे नाहीत हा नियम चौथ्या महिन्यात केला आणि तो टिकला. चौकट-चौकट दाखवणारी सोय पानाची रचना मोडते. 'वॉचमेन'चं पान नऊ चौकटींच्या जाळीवर उभं आहे, आणि त्याच्या पाचव्या अंकाची पानं तर मध्यापासून दोन्हीकडे आरशासारखी रचली आहेत. वीतभर स्क्रीनवर ते दिसणार कसं? पान उलटण्याचंही तसंच. छापील अंकात धक्का डाव्या पानावर ठेवतात, म्हणजे उलटल्याशिवाय दिसत नाही. तो उजव्या पानावर आला असेल तर आधी मध्ये जाहिरात सरकली आहे का ते पाहा, मगच रचनाकाराला दोष द्या.

मालिकेतल्या तुकड्याचं काय करायचं, यावर वाद अजून चालू आहे. आजकाल पाच-सहा अंकांचं एक पुस्तक करायचं हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे तिसरा-चौथा अंक पातळ होतो. सध्या तीन प्रश्न विचारतो. सुरुवातीला जे होतं त्यात शेवटी काही बदललं का? नायकाने एखादी निवड केली का, की नुसता मार खाल्ला? २० पानांत पूर्ण पानभर चित्रं किती? चारच्या वर असतील तर पाचव्या हिश्श्याहून जास्त अंक एकेका चित्रात गेला. तो प्रसंग तेवढ्या जागेचा होता का, हे ज्याचं त्याने लिहावं.

'चौकटी स्पष्ट आहेत का' हा मूळ तक्त्यातला प्रश्न काढून टाकला आहे. त्यामुळे बिनचौकटीच्या पानांवर उगाच गुण जात. एकाच गच्चीवर नायक पाच वेळा उड्या मारताना काढलेला असतो, तिथे चौकट नसणंच बरोबर. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेच्या) भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, मध्ये रेघ नाही. खांब, दारं आणि वळलेल्या माना प्रसंग वेगळे करतात. ती भिंत पाहून आलेल्याला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

आज तक्ता असा आहे: चित्रांतून सांगणं १०, रेखाटन ५, शब्द ५, जोड १०, रंग ५, अक्षरं ५. एकूण ४०. मुखपृष्ठाला गुण नाहीत, कारण ते बऱ्याचदा आतल्या चित्रकाराचं नसतंच. एका अंकात दोन चित्रकार असतील तर कोणत्या पानापासून हात बदलला ते लिहायचं आणि रेखाटनाचे गुण दोनदा द्यायचे. सरासरी काढायची नाही. शाईकार बदललेला ओळखणं अजून सगळ्यांना जमत नाही. त्यासाठी केस, कापडाच्या चुण्या आणि बोटं एवढ्या तीनच ठिकाणी रेघेची जाडी पाहा.