गोठ्यातली स्वयंचलित पाण्याची वाटी: वाटी चांगली, पण खालचा तो प्लग!

बिडाची, आत फ्लोट (पाणी उतरलं की व्हॉल्व्ह उघडणारा तरंगता भाग) असलेली वाटी, दोन गायींमध्ये एक, अशी गोठाभर बसवून तिन्ही ऋतू उलटले. ती चालते कशी, हे सांगत बसत नाही. लिहायला बसलो तो तिच्या बुडाशी असलेल्या ड्रेन प्लगमुळे. त्याचं वॉशर परवा पुन्हा गेलं, रात्रभर पाणी वाहत राहिलं, गायी ओल्यात बसल्या आणि पहाटे धारेच्या वेळी कासा शेणाचिखलाने माखलेल्या. दगडी (कासेची सूज) व्हायला यापेक्षा वेगळं काही लागत नाही.

गाय पाणी पिते तेव्हा तोंडातला चारा, भरडा, लाळ सगळं वाटीत उतरतं. उन्हाळ्यात हा गाळ दुसऱ्या दिवशीच आंबतो. तळाशी बोट फिरवलं की बुळबुळीत थर हाताला येतो आणि पेंडीचा आंबूस वास सुटतो. गायीला तो आपल्याआधी कळतो. दोन घोट घेते आणि मान वळवते. म्हणजे वाटी रोज रिकामी करून घासणं आलंच. आणि रोज उघडायचा हा प्लग दिलाय षटकोनी डोक्याचा, पान्याने फिरवायचा, तोही भिंतीच्या अंगाला! पाना जरा फिरला की भिंतीला अडतो, काढा, पुन्हा लावा. अशी कसरत एकेका वाटीला. गडीमाणूस ते टाळतो, त्यात त्याचा दोष नाही. सर्व्हिसवाला म्हणाला, आठवड्यातून एकदा उघडला तरी चालतं. नाही चालत. त्याने वाटीत हात घालून पाहिलाच नाही.

मधल्या काळात तर वाट्या काढून पुन्हा हौदावर यायच्या विचारात होतो. दुधात पाणीच सुमारे 87 टक्के. दुभत्या गायीला दर लिटर दुधामागे तीनचार लिटर पाणी लागतं. ते चोवीस तास समोर असेल तर दूध वाढायला हवं, आणि ते तर जागचं हलेना. धार काढल्यावर गायी वाटीशी ताटकळत उभ्या, शेजारची दांडगी गाय आधी पिणार, गरीब गाय तशीच मागे सरणार.

कारण वाटीत नव्हतं, व्हॉल्व्हच्या नोझलमध्ये, म्हणजे पाणी ज्या भोकातून येतं त्या तोंडात होतं. तहानलेली गाय मिनिटाला दहा लिटर सहज ओढते, कधी वीसही. फ्लोट दाबून धरला, येणारं पाणी मिनिटभर मापात घेतलं, तर चार लिटरही भरेना. पाण्याचा दाब उंचीवर असतो: दहा मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. गोठ्याच्या छपरावरची टाकी तीन मीटरवर, म्हणजे दाब जेमतेम 0.3 किलो. आणि आत बसवलेलं नोझल बारीक भोकाचं, जास्त दाबाच्या लाइनसाठीचं. कमी दाबाला मोठ्या भोकाचं नोझल लागतं, ते कंपनी बनवतेही. विकताना टाकी किती उंच आहे एवढं एक वाक्य कोणी विचारलं असतं तर इतके महिने गायींचे हाल झाले नसते. नवीन नोझलचे पैसेही वेगळे घेतले, हे मला अजून पटलेलं नाही.

नोझल बदलल्यापासून मात्र माझं मत साफ फिरलं. पाणी घटघट येतं. रात्री रवंथ करता करता गाय उठते, पिते, पुन्हा बसते. ज्या गायी मागे सरायच्या त्यांचंच दूध वाढलं, दांडगीचं होतं तेवढंच. बादल्या वाहणं तर बंदच झालं. फ्लोटवरच्या झाकणाने आजवर दगा दिला नाही, गायींनी कितीही डोकं घासलं तरी.

राहिला प्लग. तो फेकून त्याच आट्याचा छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतलाय. हाताने पाव फेरा फिरवला की वाटी रिकामी, ब्रश मारला की काम झालं. दांडी भिंतीकडे वळवून बसवा, नाहीतर गाय पाय लावून उघडते. यामुळे वॉरंटी जाते म्हणे. जाऊ दे. नवीन घेणाऱ्यांनी मात्र वाटी उलटी करून आधी प्लग बघावा, टाकीची उंची सांगून नोझल मागावं, आणि कलंडून रिकामी होणारी वाटी मिळत असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तीच घ्यावी.