डिशवॉशर: टँकरचं पाणी, आईची बोटं आणि रात्रीची खिचडी

पुण्यात उंड्रीत राहतो, घरात चार माणसं, आईला आमवात. डिशवॉशर घेऊन आठ-नऊ महिने झाले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्याच मशीनना लागू पडेल.

आधी धुण्याबद्दल. स्टीलची ताटं, वाट्या, काचेचे ग्लास एकदम लख्ख. तेलकट कढई आणि कुकर ६५-७० अंशांच्या प्रोग्रॅमला निघतात. इको प्रोग्रॅम तीन तासांच्या वर चालतो, तो चहा-नाश्त्याच्या भांड्यांपुरता ठीक. करपलेलं दूध मात्र भिजवून काथ्यानेच घासावं लागतं. बिडाचा तवा, पितळी पातेली, लाकडी मुठीच्या सुऱ्या आत घालू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं आणि हळदीने पिवळे झालेले डबे पिवळेच राहतात. फोडणीतली मोहरी आणि कढीपत्ता तळाच्या जाळीत जाऊन बसतात. ती जाळी दर आठवड्याला धुवा, नाहीतर मशीन उघडल्यावर नाक धरावं लागेल.

खरा विषय पाण्याचा. आमच्याकडे टँकर नाहीतर बोअर, दोन्ही क्षाराचं. मशीनसोबत आलेली, पाण्यातले क्षार तपासायची कागदी पट्टी बुडवली तर रंग थेट शेवटच्या खान्यात गेला. आत रेझिन असतं, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि तळाच्या टाकीतल्या मिठाने ते पुन्हा कामाला तयार होतं. मीठ संपलं की ग्लासांवर पांढरा थर आलाच. (घरातलं बारीक मीठ ओतू नका, डिशवॉशरचंच जाडं मीठ घ्या.) उरलेली पट्टी कसब्यात मावशीकडे नेली, तर तिच्या नळाच्या खडकवासल्याच्या पाण्यात रंग जेमतेम हलला. तिला मिठाचा खर्च जवळपास नाहीच. पण तिला मशीनही नको आहे. भांडीवाल्या बाई वर्षानुवर्षं त्याच जिन्यातली चार घरं करतात, एक दिवस चुकत नाहीत. माझ्या खरेदीला ती बिनदिक्कत ‘चोचले’ म्हणते. स्वतः मात्र सोसायटीत लिफ्टसाठी भांडतेय, आणि तळमजल्यावरचे तिला तेच म्हणतात.

‘मशीन पाणी खातं’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: भरलेल्या मशीनला एका धुण्यात साधारण १० लिटर पाणी लागतं, म्हणजे एक लहान बादली. नळ सोडून घासताना किती जातं ते एकदा खाली बादली ठेवून बघा. टँकरचं बिल भरणाऱ्याला हा हिशेब वेगळा समजवावा लागत नाही.

सरकारचा हिशेबही मजेशीर. वॉशिंग मशीनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. डिशवॉशरला त्यासाठी २२ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. सात वर्षं कपडे धुणं गरजेत आणि भांडी घासणं चैनीत! ही यादी करणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासत असेल, असा प्रश्न मला पडतोच.

आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं ते. आमच्याकडे रात्री ठरलेली खिचडी किंवा पिठलं-भात. आईला तेच आवडतं अशी आम्हा सगळ्यांची समजूत. मशीन आल्यावर हळूहळू कोशिंबीर परत आली, मग आमटी वेगळी, भाजी वेगळी, चटणीला चक्क वेगळी वाटी. बाई आली नाही तर सकाळी आखडलेल्या बोटांनी किती भांडी निघतील, या हिशेबाने आई स्वयंपाक करत होती. कधी बोलली नाही. मध्ये पंप बिघडला आणि दुरुस्तीवाला आठवडाभर फिरकला नाही. भांडी मी घासत होतो, तरी पहिल्याच संध्याकाळी आईने विचारलं, “खिचडीच टाकू का रे?”

याची दुसरी बाजूही आहे. वाट्यांचा जुना संच आता पुरत नाही, नवा आणलाय. मशीन भरायला भांडी लागतात आणि भांडी आहेत म्हणून मशीन लागतं, अशी आमची गत आहे.

पोळ्यांना येणाऱ्या ताईंना विचारलं, तुमच्याकडे असतं तर? त्या हसल्या. “दादा, फुकट दिलं तरी ठेवू कुठं? आमच्याकडं पाणी दिवसाआड. मला मोठी टाकी पाहिजे.”

तर घ्यावं का? पाणी टँकरचं, बाईंचा भरवसा नाही आणि घरात कुणाचे हात दुखतात, यातलं दोन लागू असेल तर इतर खर्च पुढे ढकलून घ्या. मावशीसारखं असेल तर नको. घेणार असाल तर आधी सिंकजवळ १६ ॲम्पियरचा सॉकेट आणि सांडपाण्याची सोय करून ठेवा. आमचा ओटा त्यासाठी दोनदा उघडावा लागला, आणि त्याचे पैसे मशीनच्या किमतीत कुणी धरत नाही.