डीव्हीडी ड्राइव्हचा बफर: ५१२ केबी की २ एमबी?

बफर म्हणजे येणारा-जाणारा डेटा तात्पुरता साठवणारी ड्राइव्हमधली मेमरी. खोक्यावर ‘२ एमबी बफर’ ठळक छापलेलं असतं, पण तेवढ्यावरून ५१२ केबीचा ड्राइव्ह कमअस्सल ठरत नाही.

डीव्हीडीवरच्या चित्रपटाला सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट, म्हणजे सुमारे १.२६ एमबी डेटा लागतो. ५१२ केबीचा साठा ०.४ सेकंद पुरतो, २ एमबीचा १.६ सेकंद. लेझरला जागा बदलायला साधारण ०.१ ते ०.२ सेकंद लागतात, त्यामुळे चांगली डिस्क दोन्हींत सुरळीत चालते. ओरखडे असतील तर ड्राइव्ह तोच भाग पुन्हापुन्हा वाचतो. तेवढ्यापुरता मोठा बफर वेळ मारून नेतो. खोल ओरखड्यापुढे दोघंही हात टेकतात.

गेममध्ये तर फरक जाणवतच नाही. गेम दर वेळी डिस्कवरचा वेगळाच तुकडा मागतो आणि तो बफरमध्ये बहुधा नसतो. वेळ जातो तो लेझरच्या फेऱ्यांत आणि थांबलेली डिस्क पुन्हा वेग घेईपर्यंतच्या काही सेकंदांत. उपाय एकच: इन्स्टॉल करताना ‘फुल’ पर्याय निवडा, म्हणजे फाइली हार्ड डिस्कवरून वाचल्या जातील.

खरी कसोटी बर्न करताना, म्हणजे डिस्कवर डेटा लिहिताना. १६एक्सला, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या सोळापटीला, सेकंदाला सुमारे २२ एमबी लिहिलं जातं. म्हणजे डेटा यायचा थांबला तर २ एमबी ०.१ सेकंदाच्या आतच संपतात! म्हणून आकड्याआधी बफर अंडररन (लिहिता लिहिता बफर रिकामा होणं) संरक्षण आहे का ते बघा. ते असेल तर लेझर थांबून तिथूनच पुढे लिहितो. नसेल तर डिस्क वाया. तरीही नेटवर्कवरून थेट बर्न करू नका, फाइली आधी हार्ड डिस्कवर घ्या.