चांदी खरी, ऑगस्टस खोटा

जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनांत एक विक्रेता फिरतोय, त्याची पद्धत सांगून ठेवतो.

त्याने मला दिलं ते रोमन सम्राट ऑगस्टसचं देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट. दुसऱ्या बाजूला त्याने दत्तक घेतलेले नातू, गायस आणि लुसियस. दोघांच्या मध्ये ढाली आणि भाले, वर पुरोहितांची पळी आणि वाकडी काठी. लुग्दुनमच्या, म्हणजे आजच्या लियाँच्या टांकसाळीत ही नाणी इ.स.पू. 2 पासून पाडली गेली. दक्षिण भारतातल्या रोमन ठेव्यांतही ती सापडली आहेत. गड्याला हे सगळं तोंडपाठ होतं!

सम्राटाच्या गालावर तिरका घाव होता. भारतात मिळालेल्या काही रोमन नाण्यांवर असे छिन्नीचे घाव खरोखरच असतात. त्याने तोच पुरावा म्हणून पुढे केला, "नकली नाण्याला कोण कशाला कापेल, साहेब?" वर म्हणाला, "हव्या त्या सराफाला दाखवा." सराफाने कस लावला, चांदी चोख निघाली. बावीस हजार मोजले. बिल कुरिअरने येणार होतं, ते अजून वाटेतच आहे.

मेख इथे आहे. अशी नकली नाणी चांदीचीच ओततात, त्यामुळे कसोटी लावून काही कळत नाही.

घाव भिंगाखाली बघा. छिन्नी बसली की धातू कापला जातो, घावाच्या आत कापल्याची खूण दिसते. इथे घावाच्या तळाशीही गालावर होते तसेच बारीक खड्डे होते. म्हणजे नाणं घावासकट साच्यातून आलेलं. कडेवर कानशीच्या रेघा, साच्याचा जोड घासून काढल्याच्या. वजन 3.1 ग्रॅम, खरं पावणेचारच्या आसपास भरतं, पण झिजलेलं हलकं असू शकतं, म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका.

उरलीसुरली शंका एका ओळखीच्या संग्राहकाने फेडली. त्याच विक्रेत्याकडून घेतलेलं त्याचं नाणं माझ्या नाण्याशेजारी ठेवलं, तर घाव तोच, काठावरची चीरही तिथेच. हाताने ठोकून पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो. पण चीर प्रत्येक नाण्याला ठोकताना वेगळी पडते, ती कशी एक असेल?

विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "एकाच हंड्यातली आहेत, सारखीच दिसणार." त्यानंतर नंबर ब्लॉक. पोलिसांत अर्ज दिलाय.

ओळखायची खूण: घाव कानाच्या पाळीपासून नाकपुडीपर्यंत आहे, आणि चीर डोक्याच्या मागे, घड्याळात दहा वाजतात तिथे.