गृहपाठाचे गुण: केल्याचे की बरोबर आल्याचे?

सातवीच्या वर्गात ४५ वह्या, प्रत्येकीत १० गणितं. एका तासिकेत ४५० उत्तरं तपासून होत नाहीत, म्हणून ‘पूर्ण केलं’ एवढं पाहून गुण देणं सोपं जातं. पण वेळ वाचतो यापेक्षा मला मोठी गोष्ट वाटते ती ही, की मूल चुकायला घाबरत नाही. बरोबर उत्तरालाच गुण ठेवले की मुलं गाइडवरून उतरवतात. आणि ज्याच्या घरी शिकवायला कोणी असतं त्यालाच शाबासकी मिळते. नवीन धड्याच्या गृहपाठात तर हा मुलांवर सरळ अन्याय आहे.

तरी एक भीती आहेच. ‘उणे उणे अधिक’ एवढंच पाठ केलेलं मूल -३ - ५ = ८ असं बिनदिक्कत लिहितं. हा नियम गुणाकाराचा, इथे उत्तर -८ हवं; पण वहीवर सही झाली की सहामाहीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. उत्तर तपासणारे शिक्षक दुसऱ्याच दिवशी हे पकडतात.

मी गुण प्रयत्नालाच देईन, पण दोन गणितं बारकाईने पाहून दुरुस्ती मुलाकडूनच करून घेईन. पाढे, शुद्धलेखन यांचं वेगळं. तिथे अचूकताच मोजावी, कारण तो शिकून झालेल्याचा सराव असतो.