तयार टीटीएफमध्ये बदल करायचाय: फॉन्टफोर्ज की टीटीएक्स?

देवनागरी टीटीएफ (तयार फॉन्टची फाइल) हातात आहे, मूळ सोर्स फाइल कुठेच नाही, आणि बदल अगदी किरकोळ आहे. मेनूत दिसणारं नाव बदलायचंय (ओएफएल या खुल्या फॉन्ट-परवान्यात नाव राखीव असेल तर ते बदलावंच लागतं), वेलांटी-रफार वरून कापले जातात म्हणून उंची वाढवायचीय, नाहीतर एखादा अनुस्वार जरा डावीकडे घ्यायचाय. बदल होतो, पण सेव्ह केल्यावर भलतंच काहीतरी गायब असतं. अशा वेळी फुकटातले दोन रस्ते म्हणजे फॉन्टफोर्ज हा फॉन्ट एडिटर आणि फॉन्टटूल्स या संचातलं टीटीएक्स, जे कमांड लाइनवरून फॉन्ट एक्सएमएल मजकुरात उलगडतं आणि पुन्हा जोडतं. मी दोन्ही वापरतो. ग्लिफ्स हे सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालतं आणि फॉन्टलॅबला पैसे मोजावे लागतात, म्हणून ते दोन्ही इथे बाजूला ठेवलेत.

आधी खोटी हानी वगळा. 'माझा बदल सेव्हच झाला नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा फॉन्ट कॅश (संगणकाने साठवून ठेवलेली जुनी माहिती) असतो. फाइल नवी असते, पण लिब्रे ऑफिस किंवा वर्ड जुनीच दाखवत राहतं. चाचणीपुरतं फॉन्टला वेगळं नाव द्या, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, लिनक्सवर हा कॅश ताजा करणारी एफसी-कॅश कमांड चालवा. तरीही बदल दिसला नाही, तरच पुढचं वाचा.

फॉन्टफोर्जमध्ये अक्षर डोळ्यांना दिसतं, हा त्याचा मोठा गुण. ककाराच्या डोक्यावर रफार कुठे बसतो ते पाहून अँकर (चिन्ह जोडण्याचा बिंदू) ओढायचा, काम झालं. पण कंट्रोल-एस दाबल्यावर टीटीएफ सेव्ह होत नाही, एसएफडी, म्हणजे फॉन्टफोर्जची स्वतःची कामाची फाइल, तयार होते. टीटीएफसाठी 'जनरेट फॉन्ट्स' ही वेगळी पायरी आहे. नवखे इथेच अडकतात. जनरेट केलं, एसएफडी ठेवलीच नाही आणि खिडकी बंद केली, तर गाइडलाइन, मागच्या लेअरमधलं स्कॅन, कॉमेंट, लुकअपना (अक्षरं बदलण्याच्या आणि बसवण्याच्या नियमांना) दिलेली नावं, सगळं गेलं. साध्या टीटीएफमध्ये यांना जागाच नसते. तीच टीटीएफ पुन्हा उघडली की लुकअपना फॉन्टफोर्ज स्वतःच नावं पाडतो. जनरेटच्या ऑप्शन्समध्ये 'पीएफएएडिट टेबल'चा पर्याय आहे (टेबल म्हणजे फॉन्टमधला माहितीचा एक कप्पा), तो लावला तर कॉमेंट, गाइड, लुकअपची नावं टीटीएफसोबत राहू शकतात. पण एसएफडी जपून ठेवणं केव्हाही सोपं.

इथवर माझी तक्रार नव्हती. सवयीने जमतं. माझं मन उडालं ते दुसऱ्याच गोष्टीने.

फॉन्टफोर्ज तुमची टीटीएफ वाचतो, स्वतःच्या साच्यात ओततो आणि जनरेट करताना अख्खा फॉन्ट नव्याने लिहितो. तुम्ही फक्त नाव बदललं असलं तरीही. भिंतीत एक खिळा ठोकायला घर उतरवून पुन्हा बांधावं, तसा हा प्रकार. जी टेबलं त्याला कळत नाहीत ती गळतात. ती टिकवायची तर प्रेफरन्सेसमध्ये त्यांची चार अक्षरी नावं आधीच लिहून ठेवावी लागतात, आणि तीही फॉन्ट उघडण्यापूर्वी. वर एफएफटीएम नावाचं स्वतःचं टेबल तो जोडतो. अक्षराचे बिंदू वाढवले किंवा काढले असतील तर त्याचं हिंटिंग (पडद्यावर अक्षर नीट उमटावं म्हणूनच्या सूचना) आता चुकीच्या बिंदूंकडे बोट दाखवत असतं. व्हेरिएबल फॉन्टसाठी (एकाच फाइलमध्ये अनेक जाडी असलेल्या) तर मी या वाटेला जाणारच नाही.

मी एकदा नुसतं नाव बदललेला फॉन्ट आणि मूळ फॉन्ट, दोन्ही टीटीएक्सने उलगडून डिफ लावला. पानंच्या पानं फरक निघाला. त्यातला बराचसा निरुपद्रवीच असणार. पण नेमका कोणता, हे सांगता येईना. मराठीसाठी 'लोकल' फीचरमधून (भाषेनुसार अक्षराचं रूप बदलणारी सोय) येणारे ल आणि श शाबूत आहेत का? 'दुसऱ्या'तला ऱ्य, 'र्कीं'वरची रफार-वेलांटी-अनुस्वाराची गर्दी? प्रत्येक वेळी हे शब्द टाइप करून, भाषा मराठी आणि मग हिंदी ठेवून, नजरेने तपासत बसायचं. एवढ्याशा बदलासाठी मला ते फार जड वाटलं.

टीटीएक्सचा स्वभाव उलटा. नेम (नावं आणि परवाना), ओएस/टू आणि एचएचईए (दोन्हींत उंची) एवढीच टेबलं एक्सएमएलमध्ये काढायची, टेक्स्ट एडिटरमध्ये बदलायची, आणि 'एम' पर्याय लावून मूळ टीटीएफमध्ये परत मिसळायची. जोडाक्षरं आणि चिन्हांच्या जागा सांभाळणाऱ्या जीसब, जीपॉस या टेबलांना हातच लागत नाही. टीटीएक्स जुन्या फाइलवर आपण होऊन लिहीतही नाही, नावापुढे हॅश आणि आकडा लावून नवी फाइल बनवतं. उंची वाढवताना एक लक्षात ठेवा: ती तीन जागी असते. एचएचईएमध्ये असेंडर, ओएस/टूमध्ये टायपो असेंडर आणि विन असेंट. विंडोजवर वेलांटी कापली जाते तेव्हा मी आधी विन असेंट बघतो.

त्रास इथेही आहे. जीसबचा एक्सएमएल हाताने बदलणं म्हणजे शिक्षाच, आणि वक्ररेषा नुसत्या आकड्यांत दिसते. फॉन्टटूल्समध्येच फॉन्ट लहान करणारं पायएफटीसबसेट आहे, ते तर गुपचूप बरंच कापतं: ग्लिफची (अक्षराच्या आकृतींची) नावं काढून टाकतं आणि नेम टेबलात मूळ सेटिंगनुसार फक्त अमेरिकन इंग्रजीच्या नोंदी ठेवतं. फॉन्टचं मराठी नाव, म्हणजे विंडोजच्या क्रमांकात ११०२ भाषेची नोंद, सांगितल्याशिवाय उरत नाही. तेव्हा फॉन्टटूल्स म्हणजे सगळं सुरक्षित, असं काही नाही.

नवं अक्षर काढायचं असेल, अँकर बरेच हलवायचे असतील, किंवा कमांड लाइन बघूनच अंगावर काटा येत असेल, तर फॉन्टफोर्ज घ्या, मीही घेतो. नाव, आवृत्ती, उंची, परवान्याचा मजकूर एवढंच असेल तर मला टीटीएक्स बरं वाटतं. एकाच अक्षराचा आकार सुधारायचा असेल तर मी आता दोन्ही वापरतो: फॉन्टफोर्जमध्ये आकार नीट करून जनरेट करायचा, त्या फॉन्टच्या डंपमधून (टीटीएक्सने काढलेल्या एक्सएमएलमधून) त्या एका अक्षराच्या आकाराचा टीटीग्लिफचा तुकडा आणि एचएमटीएक्स या रुंदीच्या टेबलमधली त्याची ओळ उचलायची, आणि मूळ फॉन्टच्या डंपमध्ये चिकटवायची. दोन्हीकडे ग्लिफचं नाव एकच आहे ना, एवढं आधी बघा. फॉन्टफोर्ज कधीकधी नावं बदलतो.