इलेक्ट्रिक स्कूटरसाठी हवा भरायचा पोर्टेबल पंप: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पेट्रोलची गाडी होती तेव्हा हवेचा वेगळा विचार करावा लागत नव्हता. पेट्रोल भरायला गेलं की तिथेच हवेची नळी असायची, दोन्ही चाकं बघून व्हायची. इलेक्ट्रिक स्कूटर घरीच चार्ज होते. पेट्रोल पंपाची फेरी संपली आणि तिच्याबरोबर हवा बघायची सवयही सुटली. इलेक्ट्रिक स्कूटर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, बॅटरी किती टक्के आहे हे लगेच सांगतील. मागच्या चाकात हवा किती आहे हे क्वचितच कुणाला सांगता येईल. मी पंप घेतला तो एवढ्यासाठीच. आणि काही महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय, की या यंत्रात हवा भरणाऱ्या मोटरपेक्षा हवा मोजणारं मीटर जास्त उपयोगाचं आहे.

पंप कसा आहे ते आधी थोडक्यात. हातात मावेल असा, आत लिथियमची बॅटरी, टाइप-सी चार्जिंग, वर छोटा डिस्प्ले, वीतभर लांबीची काळी नळी आणि तिच्या टोकाला पितळी आट्यांचं तोंड. आकडा लावायचा, बटण दाबायचं, तेवढी हवा भरली की तो आपोआप बंद होतो. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारे पंपही मिळतात, पण ते कारवाल्यांसाठी ठीक. बहुतेक स्कूटरला तसं सॉकेट नसतं, त्यामुळे स्वतःची बॅटरी असलेलाच पंप हवा.

आता मीटरबद्दल. टायरची हवा मोजायची ती टायर थंड असताना. गाडी चालली की टायर तापतो, आतली हवाही तापते आणि दाब वाढतो. 32 पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) टायरमध्ये तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. म्हणजे 20 अंशांवरचा टायर उन्हात चालून 45 अंशांवर गेला, तर गेजवर जवळपास चार पीएसआय जास्त दिसतात. बाहेर जाऊन हवा भरायची म्हटलं की आधी तिथपर्यंत गाडी चालवावी लागते, वर बहुतेकदा दुपारची वेळ. आकडा जास्त दिसतो, भरणारा म्हणतो बरोबर आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर उभा असतो. काही जण तर तापलेल्या टायरमधली "जास्तीची" हवा काढून टाकतात. तसं करू नका. घरात पंप असल्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की सकाळी गाडी जागेवरून हलवायच्या आधी मोजता येतं.

किती भरायची, हा दुसरा प्रश्न. टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो तो कमाल दाबाचा, तेवढी हवा भरा असं त्यात सांगितलेलं नाही. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. माझ्या स्कूटरला पुढे 24, मागे 32, आणि डबलसीट जायचं असेल तर मागे 36. पुढच्या-मागच्या आकड्यांत एवढा फरक असल्यामुळे पंपातले तयार मोड मी वापरत नाही. मोटरसायकलचं चिन्ह निवडलं की पंप त्याच्या मनातला एक ठरलेला आकडा धरतो आणि तो माझ्या पुढच्या चाकाला फार जास्त होतो. त्यामुळे प्रत्येक चाकाचा आकडा स्वतः लावते. एकक कोणतं आहे तेही एकदा बघून घ्या. 32 पीएसआय म्हणजे 2.2 बार आणि 220 किलोपास्कल. बटण चुकून दाबलं गेलं आणि एकक बदललं की आकडे ओळखू येत नाहीत.

हवा कमी असली की नक्की काय होतं? टायर जमिनीवर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्यात त्याच्या भिंती जास्त दबतात, त्यात शक्ती वाया जाते आणि टायर तापतो. पेट्रोलच्या गाडीत हे तेवढं जाणवत नाही. इलेक्ट्रिकमध्ये रेंजचा, म्हणजे आहे त्या चार्जवर गाडी किती जाईल याचा, आकडा सतत डोळ्यांसमोर असल्यामुळे लगेच कळतं. मला त्याआधी हँडल कळतं: पुढची हवा पाच-सहा पीएसआयने उतरली की वळताना हँडल जड लागतं आणि गाडी वळणात उशिरा झुकते. कमी हवेवर गाडी बरेच दिवस चालली की टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त हवेवर मधोमध. जास्त भरली की रेंज वाढेल म्हणून काही जण ठासून भरतात. पकड कमी होते, खड्ड्यांचे दणके थेट हाताला बसतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना त्याची किंमत मोजावी लागते. रेंजसाठी एवढा धोका पत्करू नये.

मागच्या चाकात हब मोटर असेल तर हवेकडे आणखी लक्ष हवं. मोटर चाकातच असल्याने चाक जड असतं, आणि हवा कमी असताना खड्डा लागला की मार सरळ रिमला बसतो. असं चाक उघडणं हे साध्या स्कूटरचं चाक उघडण्यासारखं सोपं काम नाही, मोटरच्या वायरी सोडवाव्या लागतात. सगळे पंक्चरवाले त्याला हात लावायला तयार होत नाहीत.

हब मोटरमुळेच हवा भरतानाही एक अडचण येते आणि ती खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. मोटरचा डबा एवढा मोठा असतो की रिम आणि मोटर यांच्यामध्ये जेमतेम बोटं जातात. वॉल, म्हणजे टायरमध्ये हवा जिथून भरतात तो भाग, त्याच फटीत. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवायचं, वॉल आपल्या सोयीच्या बाजूला आणायचा, मग टोपण काढायचं. टोपणाखाली काळी बारीक धूळ साचलेली असते, ती फडक्याने पुसून घ्यायची, नाहीतर ती वॉलच्या पिनवर जाऊन बसते आणि हवा हळूहळू गळते. त्यानंतर नळीचं पितळी तोंड दोन बोटांत धरून आटे फिरवायचे. अंगठ्याला जागा नाही, तर्जनी मोटरच्या डब्याला घासते, आणि पहिला आटा धरेपर्यंत थोडी हवा फुसफुसत जाते. आटा धरला की मात्र आवाज थांबतो आणि डिस्प्लेवर आकडा उगवतो. ज्यांचा वॉल वाकडा, म्हणजे काटकोनात वळलेला आहे, त्यांना हा त्रास नाही. माझा सरळ आहे. शेवटी मी नव्वद अंशांत वळलेला छोटा अडॅप्टर घेतला आणि काम सोपं झालं. तो अडॅप्टर वॉलवर कायमचा लावून ठेवू नका. चाक फिरताना त्याचं वजन वॉलच्या रबराला ओढतं. हवा भरायची, अडॅप्टर काढायचा, टोपण घट्ट लावायचं.

वॉलची जात बहुतेक ठिकाणी एकच असते, श्रेडर. 1890च्या दशकापासून चालत आलेली ही रचना आजही कार, मोटरसायकल, स्कूटर आणि बऱ्याच सायकलींना असते, त्यामुळे एकाच पंपावर घरातल्या सगळ्या गाड्या निघतात. भाच्याची उभं राहून चालवायची छोटी इलेक्ट्रिक स्कूटरही मी याच पंपाने भरते. तिचे टायर साडेआठ इंची, आत जेमतेम लिटरभर जागा, आणि दाब मात्र 45 ते 50 पीएसआय. एवढ्या लहान टायरला नळी काढताना गेलेली थोडीशी हवाही लागते. तिथे दोन पीएसआय जास्तीचे लावते आणि नळी झटक्यात सोडवते. तेवढ्याच हवेने मोठ्या स्कूटरच्या टायरला काहीच फरक पडत नाही.

मीटर किती खरं आहे, हे बघायला वेगळ्या चांगल्या गेजने पडताळून पाहिलं. पंप एक-दीड पीएसआय जास्त दाखवतो, पण दर वेळी तेवढाच. हे मला चालतं. ठरलेला फरक लक्षात ठेवता येतो, कधी जास्त कधी कमी दाखवणारं मीटर मात्र निरुपयोगी. एक लक्षात घ्या, मोटर चालू असताना दिसणारा आकडा आणि थांबल्यावर दिसणारा आकडा वेगळा असतो, कारण चालू असताना नळीतला दाब टायरपेक्षा थोडा जास्त असतो. बंद झाल्यावर दोन-तीन सेकंद थांबून दिसतो तो खरा.

वेगाबद्दल तक्रार नाही. स्कूटरच्या टायरला सात-आठ पीएसआय चढवायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. आवाज मात्र मोठा आहे, कर्कश. पहाटे पार्किंगमध्ये चालू केला तर वरच्या मजल्यांपर्यंत जातो. पंप फरशीवर न ठेवता फडक्यावर किंवा जुन्या पायपुसण्यावर ठेवला की थरथर कमी होते आणि आवाजही थोडा उतरतो. तापतोही चांगलाच. हवा दाबली की ती गरम होतेच, त्यामुळे पितळी तोंड चटका देण्याइतकं तापतं. स्कूटरची दोन चाकं भरेपर्यंत काही वाटत नाही, पण कारची चारही चाकं सलग भरायला घेतली तर मध्ये थांबून त्याला गार होऊ द्यावं लागतं. चटका बसू नये म्हणून मी तोंड सोडवताना फडकं वापरते.

पंप सगळ्यात जास्त कामी आला तो स्लो पंक्चरच्या वेळी. मागचं चाक आठवड्यात सात-आठ पीएसआय उतरायला लागलं, पुढचं जिथल्या तिथे. नियमित आकडे बघत नसते तर हे लक्षातही आलं नसतं. साबणाचं पाणी आधी वॉलवर टाकलं, तिथे काही नाही. मग टायरवर टाकलं तर एका खाचेत बारीक बुडबुडे, आणि खिळ्याचं डोकं दिसलं. खिळा तिथेच राहू दिला, आकड्यापर्यंत हवा भरली आणि सावकाश पंक्चरच्या दुकानापर्यंत गेले. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा उपटला की भोक मोकळं होतं, म्हणून तो दुकानातच काढावा.

पण पंपाकडून सगळं होईल असं धरू नका. टायर पूर्ण बसला आणि त्याची कड रिमपासून सुटली, तर हा पंप हतबल आहे. कड परत रिमवर बसवायला एकदम जोरात भरपूर हवा लागते, ती मोठ्या कॉम्प्रेसरच्या टाकीतूनच मिळते. इथून हवा भरत जाते आणि सुटलेल्या कडेतून तेवढीच बाहेर जाते. भोक मोठं असेल तरी तेच.

पंपाच्या बॅटरीबद्दल. एका चार्जमध्ये माझ्या स्कूटरची दोन्ही चाकं पुष्कळदा भरून होतात, कारण दर वेळी थोडीच हवा चढवायची असते. जाहिरातीतले मिलिअँपअवरचे (बॅटरीच्या क्षमतेचे) मोठे आकडे बघून भुलू नका. आत दोन सेल असतील तर तो आकडा 7.4 व्होल्ट धरून मोजलाय की 3.7 धरून, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. वॅटअवर, म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते, लिहिले असतील तर तेच बघा. पंप डिकीत ठेवावा की नाही यावर माझं उत्तर स्पष्ट आहे: गाडी उन्हात उभी राहत असेल तर नाही. बंद डिकीत उष्णता साठते आणि लिथियम सेलला ती मानवत नाही. लांब जायचं असेल त्या दिवशी सोबत घेते, एरवी तो घरात असतो, निम्म्याहून थोडा जास्त चार्ज करून.

या काही महिन्यांत बिघडलं ते एकच, नळीच्या तोंडातली रबरी रिंग. ती चपटी झाली आणि आटे पूर्ण बसवूनही हवा गळायला लागली. रिंग बदलली की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी नळी पंपापासून वेगळी होणारी हवी आणि रिंग सुटी मिळायला हवी. काही पंपांची नळी आतच पक्की केलेली असते. असा पंप घेऊ नका. नळी गेली की सगळं यंत्र टाकावं लागतं. दुकानात हातात घ्याल तेव्हा नळी फिरवून सुटते का ते बघा, आणि जमलं तर आपल्या स्कूटरच्या मागच्या वॉलला तिथल्या तिथे लावून बघा.